आधी वाटणी ठरवा, मग कामांची यादी करा : दळणवळणाच्या निधीविषयी विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : नवे रस्ते, देखभाल, पूल, गावरस्ते आणि एसटी यांच्यातील निधीवाटपाचा प्रश्न सभागृहात एकत्रितपणे घेण्याबाबत.

सन्माननीय सदस्य,

राज्याचा जो पैसा दळणवळणावर खर्च होतो, त्यातला किती नव्या रस्त्यांना जावा, किती जुन्यांच्या देखभालीला, किती पुलांना, किती गावरस्त्यांना आणि किती एसटीला, हे महाराष्ट्रात नेमके कोण ठरवते, असे विचारले तर सरळ उत्तर मिळत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आपली मागणी मांडतो, ग्रामविकास विभाग आपली मांडतो, मेट्रो आणि महानगरांतले उड्डाणपूल नगरविकास विभागाच्या अखत्यारीत येतात, आणि एसटी तर गृह विभागाच्या परिवहन शाखेखाली आहे. या मागण्या सभागृहात वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यांतल्या बऱ्याच वेळेअभावी चर्चेविना मंजूर होतात, आणि वर्षाअखेर जी बेरीज कागदावर उरते तिलाच राज्याचे धोरण म्हणण्याची वेळ आपल्यावर येते. ती बेरीज कोणी ठरवून केलेली नसते. कामांची यादी हातात घेण्यापूर्वी या कार्यक्रमांमधली पैशाची वाटणी उघडपणे ठरली पाहिजे आणि ती ठरवण्याचे काम विधिमंडळाचे आहे, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे बांधकामाच्या हिशेबाच्या कागदांत गेल्यामुळे काही गोष्टी मी तपशिलाने लिहीत आहे. त्या आपणांस ठाऊक असतील तर दुरुक्तीबद्दल क्षमा असावी.

एखादे काम बजेटला कसे लागते, हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला माहीत असणार? रस्त्याचे अंदाजपत्रक तयार होते, त्याला आपले पत्र जोडले जाते, मंत्रालयात पाठपुरावा होतो आणि मार्चच्या किंवा पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात त्या रस्त्यासमोर एक रक्कम छापून येते. समजा काम तीन कोटींचे असेल, तर ही रक्कम पुष्कळदा काही लाखांचीच असते. तिला टोकन तरतूद म्हणतात. तेवढ्या आधारावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि भूमिपूजन हे सगळे रीतसर पार पडते, वेशीवर कोट्यवधींच्या निधीचा फलक लागतो आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षांवर दायित्व म्हणून ढकलली जाते. एका कामाच्या बाबतीत हे खपून जाते. शेकडो कामे याच पद्धतीने घेतली की विभागाच्या डोक्यावर वार्षिक तरतुदीच्या कितीतरी पट दायित्व चढते, आणि पुढच्या वर्षीचा पैसा हातात येण्याआधीच संपलेला असतो. गेल्या काही वर्षांत थकीत देयकांसाठी ठेकेदारांच्या संघटना वारंवार आंदोलनाला उतरल्या, त्याचे मूळ येथे आहे. ज्याचे बिल दोन-दोन वर्षे अडकते तो ठेकेदार पुढच्या निविदेत त्या थकबाकीचे व्याज धरूनच दर भरतो, किंवा खडी पसरून ठेवतो आणि डांबराच्या पैशांची वाट पाहतो. त्या खडीवरून दुचाकी घसरून पडणाऱ्याला बजेटचे पुस्तक दाखवून काही उपयोग नसतो.

टोकन तरतुदीचा खरा तोटा मात्र थकबाकीपेक्षा मोठा आहे. यादीत घातलेले प्रत्येक काम कोणा ना कोणाच्या शब्दाचे असते, ते काढता येत नाही. त्यामुळे पैसा कमी पडला की कात्री अशा ठिकाणी लागते जिथे कोणाचाच शब्द गेलेला नाही, आणि असे ठिकाण म्हणजे देखभाल. साइडपट्टी खरवडली म्हणून कोणी नारळ फोडत नाही, मोरीतला गाळ काढला म्हणून कोणाचा फलक लागत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर रस्त्यांच्या भांडवली, म्हणजे नव्या बांधणीच्या, कामाचे लेखाशीर्ष (खर्च नोंदवण्याचा ठरलेला क्रमांक) ५०५४ आणि देखभाल-दुरुस्तीचे ३०५४. पहिल्याचे वजन सगळे ओळखतात, दुसऱ्याची आठवण गणपतीच्या तोंडावर खड्ड्यांच्या बातम्या छापून येऊ लागल्या की होते.

या दोन लेखाशीर्षांत आणखी एक फरक आहे आणि तो अलीकडच्या काळात फार महाग पडू लागला आहे. देखभालीचा खर्च महसुली, म्हणजे चालू, खर्चात धरला जातो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवण्यात आली होती. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज आणि थेट लाभाच्या योजना यांना हात लावता येत नसल्याने तूट आटोक्यात आणायची म्हटले की वित्त विभागाची नजर अशा महसुली बाबींकडे वळते ज्यांच्या मागे बोलणारे कोणी नाही. दुसऱ्या बाजूला, केंद्राकडून राज्यांना मिळणारी ५० वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी कर्जे भांडवली कामांसाठीच असतात. म्हणजे नवा रस्ता बांधायला स्वस्त पैसा उपलब्ध आहे आणि असलेला रस्ता टिकवायला नाही. रस्ता पूर्ण खराब होऊ दिला की त्याचे काम ‘सुधारणा’ या नावाखाली पुन्हा भांडवली खर्चात बसवता येते. वेळेवर सांभाळला तर तेच पैसे महसुली तुटीत मोजले जातात. जी यंत्रणा रस्ता वाचवणाऱ्याला दंड आणि बिघडू देणाऱ्याला निधी देते, तिच्याकडून चांगल्या रस्त्यांची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

रस्ता कसा मरतो हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सभागृहात चर्चा होते ती फक्त खड्ड्यांची. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीतला कोणताही ‘इतर जिल्हा मार्ग’ (रस्त्यांचा एक सरकारी वर्ग) घ्या. डांबर टाकल्यावर पहिली दोन-तीन वर्षे तो ठीक दिसतो. या काळात दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्यांवर गवत वाढते, शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती साचते आणि साइडपट्टी हळूहळू डांबराच्या पातळीपेक्षा उंच होते. पावसाचे पाणी रस्त्यावरून उतरून गटारात जाण्याऐवजी डांबराच्या कडेला थबकते. ते खालच्या थरांत झिरपते, काळी माती फुगते, उन्हाळ्यात ती आकसते, कडेला लांबच लांब भेग पडते आणि उसाची किंवा कापसाची भरलेली गाडी त्या भेगेवरून गेली की कड तुटून खाली बसते. तिथून पुढे खड्डा व्हायला एक पावसाळा पुरतो. पहिल्याच वर्षी साइडपट्टी खरवडून पाण्याला उतार दिला असता, गटार मोकळे केले असते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी वरचा पातळ थर नव्याने टाकला असता, तर जो रस्ता आणखी बरीच वर्षे चालला असता, त्यासाठी आता खडीकरणापासून सुरुवात करावी लागते. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलकामगार नेमलेले असत आणि त्यांचे निम्मे काम हेच असे. ती माणसे निवृत्त झाली, पदे भरली गेली नाहीत, आणि त्यांच्या जागी जे आले ते तीन महिन्यांनी निघणारे खड्डे भरण्याचे टेंडर.

राज्यातील रस्त्यांची लांबी तीन लाख किलोमीटरहून अधिक आहे. त्यातले बहुतेक प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग आहेत. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत (ती २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली) रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी करारात घातलेली असते, हा एक शहाणपणाचा अपवाद. सहाव्या वर्षी तो रस्ता कोणाचा, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन विचारून पाहावा.

पुलांची स्थिती याहून नाजूक आहे, कारण पूल खचण्यापूर्वी खड्ड्यासारखा डोळ्यांना दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसे गेली. नवा पूल मात्र पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास वाहतुकीला खुलाही झाला. म्हणजे पैसा, यंत्रसामग्री आणि कौशल्य यांपैकी कशाचाही तुटवडा नव्हता. आधी तो पूल कोणाच्या यादीत वर नव्हता, एवढेच. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. तिथे नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती आणि जुन्यावर धोक्याचा फलकही होता. मंजुरी, फलक आणि न झालेले काम या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडाव्यात, यावरून आपल्या मंजुऱ्यांना पैशाचे पाठबळ किती असते ते कळते.

आता एसटीकडे येतो, कारण माझ्या मते या वाटणीत सर्वांत जास्त अन्याय तिच्यावर झाला आहे आणि तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली. आज महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींवर गेला आहे आणि काही वर्षांपूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला गाड्यांचा ताफा पंधरा हजारांच्या घरात आला आहे. शासन एसटीला दरवर्षी मोठी मदत करते, असे सांगितले जाते. त्या मदतीत ७५ वर्षांवरील नागरिकांच्या मोफत प्रवासाची आणि मार्च २०२३ पासून सुरू झालेल्या महिलांच्या निम्म्या तिकिटाची प्रतिपूर्ती असते. या सवलती चांगल्याच आहेत. त्यांनी गाड्या पुन्हा भरू लागल्या. परंतु शासनाने प्रवाशाला दिलेल्या सवलतीचे पैसे महामंडळाला चुकते करणे ही देणी भागवणे झाले, ती मदत नव्हे. शिवाय हेच शासन एसटीच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर वसूल करते. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने थोडे उशिरा परत द्यायचे आणि त्याला अनुदान म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

रस्त्याचा पैसा आणि एसटीचा पैसा वेगवेगळ्या विभागांत असल्यामुळे काय होते, त्याचा एक नमुना मी माझ्याच तालुक्यात पाहिला आहे. तालुक्याचे आणि कार्यालयांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे कुठेही घडू शकते. एका आडवळणाच्या गावाला मुक्कामी गाडी होती. रस्ता इतका उखडला की गाडीचे पाटे तुटू लागले. आगाराने रस्ता दुरुस्त करून मिळावा म्हणून बांधकाम उपविभागाला पत्र लिहिले. उपविभागाने निधी उपलब्ध होताच काम हाती घेण्यात येईल, असे उत्तर दिले. पावसाळ्यात आगाराने रस्ता खराब असल्याच्या कारणास्तव फेरी बंद केली आणि ती पुन्हा सुरू झाली नाही, कारण तोपर्यंत आगारातल्याच गाड्या कमी झाल्या होत्या. गावातल्या मुलींना पाचवीपासून मोफत एसटी पास मिळतो. तो पास त्यांच्या दप्तरात आहे. गाडीच नसल्याने ज्यांच्या घरी दुचाकी आणि ती चालवायला मोकळा माणूस आहे त्या शाळेत जातात, बाकीच्यांचे आई-बाप ठरवतात तसे होते. आता यात चूक कोणाची शोधणार? आगार बरोबर होते, उपविभागाकडे खरोखरच पैसे नव्हते, आणि सवलतीच्या योजनेवर शासनाने तरतूद केली होती. पासवर खर्च करायचा की पास चालेल असा रस्ता राखण्यावर, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहणारी खुर्चीच या राज्यात नाही.

मोठ्या प्रकल्पांविषयी लिहिताना मी सावधपणे लिहितो, कारण त्यांच्या विरोधात लिहिणारा तो विकासविरोधी असा शिक्का लगेच बसतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग उपयोगाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यावर नागपूर-मुंबई अंतर दिवसाच्या प्रवासात बसते. हे मला मान्य आहे. मला मान्य नाही ते असे की हे प्रकल्प टोलवर उभे राहतात, म्हणून त्यांचा राज्याच्या बजेटशी संबंध नाही. समृद्धीत सिडको, म्हाडा, एमआयडीसी यांसारख्या शासकीय संस्थांचा पैसा गेला. म्हाडाचा पैसा घरांत गुंतवायचा की महामार्गात, हा दोन कार्यक्रमांमधल्या निवडीचाच प्रश्न होता. त्यावर सभागृहात तशी चर्चा झाल्याचे स्मरत नाही. पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गासाठी जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादनापोटी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचा आक्षेप त्यांच्या बागायत जमिनीपुरता आहे आणि तो त्यांनी मांडला आहेच. माझा आक्षेप वेगळा आहे. या रकमेतून राज्यातले किती जिल्हा मार्ग पुन्हा सुस्थितीत आले असते, किती धोकादायक पूल बदलता आले असते, एसटीच्या किती नव्या गाड्या घेता आल्या असत्या, याचा तक्ता मान्यता देण्याच्या दिवशी कोणाच्या तरी समोर होता का? असला आणि तरीही महामार्ग निवडला गेला असला, तर तो निवडीचा निर्णय ठरतो आणि त्याची कारणे मागता येतात. तक्ताच नसेल तर मागायचे काय?

माफ केलेला टोल हाही खर्चच असतो, हे आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींना टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली. मोटारवाल्यांचे प्रत्येक वेळचे ४५ रुपये वाचले आणि त्याचा भार सार्वजनिक पैशावर आला. याआधी २०१५ मध्येही राज्याने बारा टोलनाके बंद केले होते आणि अनेक ठिकाणी मोटारी व एसटी गाड्यांना सूट दिली होती. त्या वेळच्या निर्णयात निदान एसटी तरी होती. मुंबईत शिरणाऱ्या मोटारीच्या टोलमाफीला पैसा सापडतो आणि आडगावच्या मुक्कामी गाडीला सापडत नाही, हा अग्रक्रम आहे. तो कोणी ठरवला असेल तर त्याने तो सभागृहात येऊन सांगावा.

सूत्राने वाटणी करणे महाराष्ट्राला नवे नाही. केंद्रीय रस्ते निधीचा राज्यांचा वाटा इंधनाच्या वापराला ३० टक्के आणि भौगोलिक क्षेत्राला ७० टक्के वजन देऊन ठरत आला आहे. तो पैसा राज्यात पोहोचला की सूत्र संपते आणि पत्रे सुरू होतात. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतला जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष, म्हणजे राहिलेली तूट, मोजला, पुढे वैधानिक विकास मंडळे आली, संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खाली राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. राजकीय वजनापुढे मोजमाप उभे करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. त्यातली एक उणीव मात्र आजही आपल्याला भोवते. रस्त्यांचा अनुशेष लांबीवर मोजला गेला. लांबी पूर्ण झाली की अनुशेष संपला. त्या लांबीवरून गाडी जाते की नाही, हे कोष्टकात कुठेच नव्हते.

एखाद्या कामासाठी कायद्याने पैसा राखून ठेवण्याचा अनुभवही आपल्याकडे आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर आणि १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा आला. कराचे उत्पन्न आणि राज्याचा तेवढाच वाटा हमीच्या कामांसाठी जाईल, अशी रचना झाली. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यावा, ही कल्पना देशात प्रथम या राज्याने अमलात आणली. पुढे त्या कराचा पैसा दुसरीकडे वळवला जातो, ही तक्रारही वर्षानुवर्षे झाली. यावरून दोन्ही धडे घ्यावेत : राखीव निधी कायद्याने करता येतो, आणि दरवर्षी हिशेब मागणारे कोणी नसेल तर तो राखीव राहत नाही.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण मी विचारपूर्वक देतो, कारण तिथला प्रश्नही कामांची निवड कशी करायची हाच होता. तिथल्या कायद्यानुसार राज्याच्या वाहतूक मंडळाने उपलब्ध निधीतून आधी देखभालीला वाजवी आणि आवश्यक तेवढी रक्कम काढून ठेवायची असते. उरलेल्या बांधकाम निधीची वाटणी २०१५ मध्ये अशी ठरली : ४५ टक्के जुने रस्ते आणि पूल सुस्थितीत आणण्यासाठी, २७.५ टक्के राज्यपातळीवरच्या आणि २७.५ टक्के विभागपातळीवरच्या स्पर्धेतून निवडल्या जाणाऱ्या कामांसाठी. स्पर्धेतल्या प्रत्येक कामाला अपघात किती टळतील, कोंडी किती सुटेल, नोकरीच्या ठिकाणी पोहोचणे किती सोपे होईल अशा निकषांवर गुण दिले जातात, त्या गुणांना मागितलेल्या राज्यनिधीने भागले जाते आणि निकाल लोकांसाठी प्रसिद्ध होतो. दाट वस्तीच्या भागाला कोंडीचे वजन जास्त, ग्रामीण भागाला अपघात आणि स्थानिक अर्थकारणाचे जास्त. काही वर्षांनी अनुभव पाहून त्यांनी टक्केवारी बदललीही. मंडळाला गुणांच्या क्रमाबाहेर जाऊन काम निवडता येते, पण गुण आधीच प्रसिद्ध झालेले असल्याने ते सगळ्यांच्या देखत करावे लागते. आमची टक्केवारी तीच असावी, असे मी म्हणत नाही. देखभाल आधी आणि स्पर्धा उरलेल्या पैशावर, हा क्रम मात्र उचलण्याजोगा आहे.

याला सर्वांत वजनदार आक्षेप गडचिरोली, नंदुरबार किंवा पालघरच्या सदस्यांकडून येईल आणि तो मला खरा वाटतो. देखभालीला पहिला हक्क दिला तर पैसा जिथे आधीच रस्ते आहेत तिकडे जाईल. ज्या पाड्यावरून गरोदर बाईला आजही झोळीत घालून खाली आणावे लागते, त्याच्याकडे सांभाळायला रस्ताच नाही. म्हणून अशा वस्त्यांना जोडणाऱ्या पहिल्या बारमाही रस्त्यांचा हिस्सा देखभालीच्या बरोबरीने आधी काढून ठेवावा आणि त्याला गुणांच्या स्पर्धेत ढकलू नये. वाहनसंख्येवर मोजले तर पाड्याचा रस्ता कधीच जिंकणार नाही. याउलट चारपदरी रस्ता सहापदरी करणे, एका गावाला दुसरा वळणरस्ता देणे, देवस्थानापर्यंत काँक्रीट नेणे, ही कामे खुशाल स्पर्धेत उतरावीत.

अधिकाऱ्यांकडून येणारा आक्षेप असा असेल की एवढी माहिती उपलब्ध नाही. ती उपलब्ध नाही, कारण कोणी मागितलेली नाही. मोजणी वहीत एकेका थराची जाडी नोंदवणाऱ्या खात्याला दरवर्षी पावसाळ्यानंतर रस्त्यांची स्थिती नोंदवून ती संकेतस्थळावर टाकणे जड जाण्याचे कारण नाही. पुलांची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी तर ठरलेलीच आहे. तिचे निष्कर्ष फाइलीत राहतात, एवढेच.

आपणांस मी जे मागतो आहे ते या एका अधिवेशनात सुरू करता येण्याजोगे आहे. अर्थसंकल्पाबरोबर दळणवळणाचा एकत्रित तक्ता मांडण्याचा आग्रह धरा, ज्यात बांधकाम, ग्रामविकास, नगरविकास आणि परिवहन यांच्या तरतुदी, महामंडळांमार्फत होणारा खर्च, शासनाने घेतलेली कर्जहमी आणि माफ केलेला टोल हे सारे एका पानावर असेल. टोकन तरतुदीवर नवे काम घेण्यास आळा घाला : ज्या विभागाचे दायित्व त्याच्या वार्षिक तरतुदीच्या ठरावीक पटीवर गेले आहे, तिथे जुनी देयके भागेपर्यंत नव्या कामाला मान्यता नाही, असा नियम करा आणि तो आमदारांच्या पत्राला जसा लागू तसा मंत्र्यांच्या पत्रालाही लागू ठेवा. एसटीची सवलत-प्रतिपूर्ती दर महिन्याला वेळेवर आणि तिच्या भांडवली गरजेची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. प्रवासी कर सोडून देणे जमत नसेल तर तो नव्या गाड्यांसाठीच वापरला जाईल, एवढे तरी कायद्यात लिहा. आणि देखभालीचा पहिला हक्क सांगणारे विधेयक शासनाने आणले नाही, तर आपल्यापैकी कोणीतरी ते अशासकीय विधेयक म्हणून मांडावे. ते मंजूर होणार नाही, हे मलाही कळते. पण त्यावर शासनाला उत्तर द्यावे लागेल आणि ते कामकाजात छापले जाईल.

यात आपल्या सोयीला धक्का आहे, याची मला जाणीव आहे. मतदार आपल्याकडे रस्ता मागायला येतो, वाटणीचे सूत्र मागायला येत नाही. आणि ‘तुमचा रस्ता गुणांच्या यादीत खाली आहे’ असे सांगून कोणी निवडून येत नाही. स्थानिक विकास निधीचे वार्षिक पाच कोटी आपल्या हाती आहेतच, शिवाय २५१५ सारख्या शीर्षाखालची गावांतल्या मूलभूत सुविधांची कामे आहेत, जिल्हा नियोजन समिती आहे. आपल्या शिफारशीला तिथे जागा राहीलच. राज्याच्या मुख्य रस्तेनिधीवरचा हा हक्क मात्र आपण आवरता घ्यावा, असे मला वाटते, आणि विरोधी बाकांवर असताना निधीत डावलल्याची तक्रार आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असल्याने सूत्राचा उपयोग कोणाला होतो, हे आपणांस समजावून सांगावे लागू नये.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मागणीवर चर्चा होईल त्या दिवशी आपल्यापैकी विधानसभा सदस्यांनी कपात सूचनेद्वारे (मागणीची रक्कम कमी करण्याच्या प्रस्तावाद्वारे) तीन आकडे मागावेत : चालू कामांचे एकूण दायित्व, त्यासमोर या वर्षीची प्रत्यक्ष तरतूद, आणि राज्यातील प्रत्येक किलोमीटर जिल्हा मार्गामागे ३०५४ खाली मिळालेली रक्कम. परिवहनाच्या मागणीच्या दिवशी चौथा आकडा मागावा : रस्ता खराब असल्याच्या कारणावरून गेल्या वर्षी बंद केलेल्या फेऱ्या, आगारनिहाय. उत्तर लेखी मागावे आणि ते पटलावर ठेवायला लावावे.

आपला,
एक निवृत्त शासकीय कर्मचारी आणि एसटीचा नियमित प्रवासी